इतकी माणसं सामील असतील का? मोठ्या बनावाचा दावा तपासायची माझी पद्धत

‘एवढ्या मोठ्या बनावात इतकी माणसं सामील असती, तर एव्हाना कुणीतरी बोललं असतं,’ असं आपण म्हणतो. आणि कुणी दामदुपटीच्या योजनेबद्दल शंका काढली, की ‘इतक्या लोकांनी पैसे घातलेत, ते काय सगळे खुळे आहेत?’ असंही आपणच म्हणतो. दोन्ही वेळा नुसत्या आकड्यावर आपण निर्धास्त होतो.

माझं कामाचं सगळं आयुष्य सातारा-सांगली भागातल्या पतसंस्थांची दप्तरं तपासण्यात गेलं. लेखापरीक्षणाच्या कामात एक गोष्ट अंगवळणी पडते. किती माणसं होती हे नंतर विचारायचं, कुणाला काय ठाऊक होतं हे आधी. आता माझा भाचा मोबाइलवर आलेलं काही ना काही घेऊन येतो, कधी चंद्रावर माणूस गेलाच नाही म्हणून, कधी एखादी गुंतवणूक योजना. त्याच्यासाठी ही पद्धत मी एका वहीत उतरवून काढली. तीच इथे देते आहे.

आधी दावा लिहा

कोण, कुणाला, काय खोटं सांगतंय आणि कधीपासून, हे एका वाक्यात लिहा. ‘सगळं मॅनेज आहे’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘१९६९ पासून नासा जगाला सांगत आली आहे की माणसं चंद्रावर उतरली, आणि ती उतरली नाहीत’ हे तपासता येतं. बरेच दावे इथेच गळून पडतात, कारण सांगणाऱ्याला ‘कोण’ हा शब्द भरता येत नाही.

तीन रकाने

आता पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात ज्यांना पूर्ण खोटं माहीत असावंच लागेल अशी माणसं, दुसऱ्यात ज्यांच्या हाती फक्त एक तुकडा आहे अशी, तिसऱ्यात ज्यांना काहीच माहीत नाही आणि जी प्रामाणिकपणे आपलं काम करतात अशी. नावं माहीत नसली तरी हुद्दे लिहा. माझ्या मते सगळ्या पद्धतीत हे पान सर्वांत महत्त्वाचं आहे, म्हणून त्याला वेळ द्या.

सत्यम कॉम्प्युटर्स या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण घ्या. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. कंपनीत तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास माणसं होती. ती सगळी सामील होती का? एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं ते राजू धरून दहा जणांना. बाकीचे हजारो जण खरे प्रोग्रॅम लिहीत होते, खऱ्या ग्राहकांशी बोलत होते, खरा पगार घेत होते. त्यांचं खरं काम होतं म्हणूनच खोटे आकडे खपले. रिकाम्या कचेरीतून कुणी पाच हजार कोटींची शिल्लक दाखवली असती, तर पहिल्या वर्षीच कुणीतरी भुवई उंचावली असती. म्हणजे तिसरा रकाना जितका मोठा, तितका बनाव अधिक खरा दिसतो.

दुसऱ्या रकान्यासाठी अमेरिकेतल्या ओक रिजची गोष्ट भाच्याला सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर सव्वा लाखाच्या आसपास माणसं एकाच वेळी राबत होती. टेनेसी राज्यात ओक रिज हे गावच त्यासाठी वसवलं. युरेनियम वेगळं करणाऱ्या यंत्रांसमोर तरुण मुली बसायच्या. काटा अमुक रेषेवर ठेवायचा, सरकला तर खिट्टी फिरवायची, एवढंच त्यांना शिकवलेलं. कशासाठी, ते ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी आल्यावर त्यांना कळलं. उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या ट्रूमन यांनासुद्धा पूर्ण माहिती राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, एप्रिल १९४५ मध्ये दिली गेली. आणि तरीही गुपित फुटलंच. क्लाउस फुक्स हा शास्त्रज्ञ पहिल्या रकान्यातला होता आणि तो सगळं सोव्हिएत रशियाला पोचवत होता. वर्तमानपत्रांना पत्ता नव्हता, पण ज्याला ती माहिती हवी होती त्याच्या हाती ती युद्ध संपायच्या आतच पडली.

तेव्हा रकाने भरताना एक लक्षात ठेवा. पहिल्या रकान्यात उगाच माणसं कोंबू नका. आपल्याला दावा खोटा ठरवायचा असतो तेव्हा आपण शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना तिथे बसवतो, आणि समोरचा लगेच म्हणतो, ‘शिपायाला कशाला सांगतील?’ त्याचं बरोबर असतं. प्रत्येक हुद्द्यापुढे विचारा: याला न सांगता हे काम झालं असतं का? झालं असतं, तर त्याला पुढच्या रकान्यात ढकला. शेवटी पहिल्या रकान्यात जे उरतील, त्यांच्यावरच पुढचा हिशेब.

गप्प राहण्याचं कारण

‘कुणीतरी बोललंच असतं’ हा एकटा पुरावा मी मानत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणारी नऊ-दहा हजार माणसं होती, त्यात बहुसंख्य स्त्रिया. १९७४ पर्यंत, म्हणजे युद्धानंतरही जवळपास तीस वर्षं, सामान्य लोकांना त्याचा सुगावा नव्हता. नवऱ्यालाही न सांगता संसार केलेल्या बायका त्यांच्यात होत्या. शपथ होती, कायदा होता, आणि आपण योग्य तेच केलं असा अभिमान होता.

म्हणून पहिल्या रकान्यातल्या प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: गप्प राहून याचा काय फायदा, बोलून याचं काय नुकसान. मध्य प्रदेशात व्यापम या सरकारी परीक्षा मंडळाच्या प्रवेश आणि भरती परीक्षांत घोटाळा झाला. त्यात परीक्षार्थी, त्याच्या जागी पेपर लिहिणारा, पैसे मोजणारा बाप, मधला दलाल आणि आतला अधिकारी, सगळेच गुन्ह्यात. बोलणारा स्वतःच आत जाणार. अशी साखळी वर्षानुवर्षं चालू शकते, आणि ती चाललीही. २०१३ मध्ये इंदूरला पोलिसांनी तोतये परीक्षार्थी पकडले, तेव्हा तिचा पसारा उघड झाला. पुढे अटका दोन हजारांच्या घरात गेल्या, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्दच ठेवले. पण कुजबुज आधीपासून होती. ज्या गावात सगळे सामील असतात, तिथे गुपित फार क्वचित असतं. तिथे तक्रार कुणी करत नाही, एवढंच. दप्तर तपासायला गेल्यावर मी आधी चहावाल्याशी, शिपायाशी बोलायची ती यासाठीच.

अमेरिकेतल्या टस्कीगीचा प्रयोग याहून वाईट. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून आजार कसा वाढतो ते पाहिलं गेलं, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. रुग्णांना फसवलं होतं, पण डॉक्टरमंडळींपासून ते लपवलेलं नव्हतं. वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर लेख छापून येत होते. वाचणाऱ्यांना त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने आत तक्रारी करून पाहिल्या, आणि शेवटी १९७२ मध्ये ते वर्तमानपत्रांपर्यंत नेलं. माणसं गप्प आहेत म्हणजे काही घडलेलं नाही, असा अर्थ काढण्याआधी हे प्रकरण मी प्रत्येकाला वाचायला सांगते.

यावर गणितही झालं आहे. डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये, किती माणसांचं गुपित किती काळ टिकेल याचं एक सूत्र मांडलं. चांद्रमोहीम खोटी असती आणि नासाची त्या काळातली ४,११,००० माणसं सामील असती, तर चारेक वर्षांत ते फुटलं असतं, असं त्यात निघतं. दिशा मला पटते, आकडा नाही. गुपित फुटण्याचा दर त्यांनी उघड झालेल्या प्रकरणांवरूनच काढला आहे, न फुटलेली गुपितं त्यात येतच नाहीत. शिवाय सगळी माणसं एकाच रकान्यात धरली आहेत.

गर्दी केव्हा पुरावा होते

आता उलट बाजू. बनाव करणाऱ्याला माणसं हवीच असतात, आणि खरी मिळाली नाहीत तर तो खोटी उभी करतो. दुसऱ्या महायुद्धात हुआन पुजोल हा स्पॅनिश माणूस ब्रिटिशांसाठी काम करत जर्मनांना खोट्या बातम्या पुरवायचा. त्याने जर्मनांना सांगितलं की आपले २७ हेर ब्रिटनभर पसरलेत. त्यातला एकही खरा नव्हता. प्रत्येकाला नाव, स्वभाव, खर्चाची बिलं होती. लिव्हरपूलकडचा एक ‘हेर’ वारला, तर त्याच्या निधनाची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात छापवून आणली आणि विधवेसाठी जर्मनांकडून पेन्शन मिळवली. एकट्या माणसावर जर्मनांनी इतका विश्वास ठेवला नसता. वेगवेगळ्या कोपऱ्यांतून एकसारखी खबर येते म्हटल्यावर ती त्यांना पक्की वाटली, आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीत फौजा उतरल्यावरही खरा हल्ला फ्रान्सच्याच किनाऱ्यावरच्या काले (Calais) भागात होणार असं ते धरून बसले.

हे वाचलं तेव्हा मला एका पतसंस्थेची खतावणी आठवली. शेकडो छोटे कर्जदार, प्रत्येकाचं स्वतंत्र पान, हप्तेही येताना दिसत होते. मोठी पाच-सहा कर्जं असती तर कुणीही खोदून पाहिलं असतं, पण किरकोळ कर्जांची ती जाड वही पाहून तपासणाऱ्याला बरंच वाटावं. मी कर्जदारांना शिल्लक पडताळणीची पत्रं टपालाने पाठवली. ‘या नावाची व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही’ असे शेरे घेऊन ती गठ्ठ्याने परत आली. रोजकीर्द लिहिणारी मुलगी ढसाढसा रडली, तिला खरंच काही माहीत नव्हतं. व्हाउचर यायचं, ती नोंद करायची. तिचं नाव मी तिसऱ्या रकान्यातच ठेवलं.

गर्दी पाहिली की दोन प्रश्न विचारा. यातल्या प्रत्येकाने गोष्ट स्वतः पाहिली, की दुसऱ्याकडे पाहून मानली? आणि त्याने पाहिलं ते नेमकं काय?

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. आमच्या पेठेतल्या देवळातही लागली होती, आणि चमच्यातलं दूध कमी होताना मीही पाहिलं. कुणीही खोटं बोलत नव्हतं, कुणी कट केला नव्हता. दूध चमच्यातून जातं हे लाखोंनी पाहिलं आणि ते खरं होतं. ते कुठे जातं हे कुणी पाहिलं नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरलं, तेव्हा पृष्ठताणामुळे चमच्याबाहेर ओढलं गेलेलं दूध मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरताना दिसलं. लाखो साक्षीदार होते, पण साक्ष एवढीच होती की चमचा रिकामा झाला.

पैशाच्या योजनांतही असंच होतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या दुकानासमोर गुंतवणूकदार जमले, कारण दर आठवड्याला मिळणारे पैसे थांबले होते. पुढे फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. आधीच्या आठवड्यांत पैसे खरंच खात्यात आले होते, म्हणून लोकांनी बहिणीला, जावयाला, शेजाऱ्याला आणलं. ‘मला मिळाले’ हे त्यांचं सांगणं खरंच होतं. ते पैसे कुठून आले, याची साक्ष त्यांच्यापैकी कुणीही देऊ शकत नव्हतं.

बाहेरचा माणूस

इथवर आलात की एक काम उरतं. या सगळ्यांच्या बाहेरचा, ज्याला तपासायला यांची परवानगी लागत नाही, असा माणूस शोधा. आमच्या धंद्यात बँक शिलकेचा दाखला बँकेकडून थेट मागवतात, संस्थेच्या हातून घेत नाहीत. सत्यमची ती शिल्लक बँकांना नीट, थेट विचारून पडताळली गेली असती तर एवढी वर्षं कागदावर राहिली नसती. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत चाचणी ओळखून धूर कमी सोडायच्या. ते आतल्या कुणाच्या कबुलीने बाहेर पडलं नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या गटाने गाडीत यंत्रं बसवून ती कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर पळवली आणि धूर मोजला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने नोटीस काढली, आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न निघाला.

चंद्राचं पान

भाचा म्हणाला, “मावशी, नासा म्हणते चार लाख माणसं राबली. सगळी कशी गप्प बसतील?” मी म्हटलं, “आधी बसव त्यांना रकान्यांत.” डेलावेअरमधल्या डोव्हर गावी अंतराळवीरांचे पोशाख शिवणाऱ्या बायका तिसऱ्या रकान्यात गेल्या. त्यांनी पोशाख खरा शिवला, तो कुठे गेला हे त्यांना कसं कळणार? इंजिन जोडणारे, टाक्या भरणारे, हेही तिथेच. चार लाखांतले बहुतेक निघून गेले, आणि त्याचं तोंड उतरलं.

मग पहिला रकाना भरायला घेतला. चंद्रापर्यंत गेलेले २४ जण, त्यातले उतरलेले १२. ह्यूस्टनचं नियंत्रण कक्ष. कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातली संदेश पकडणारी केंद्रं, कारण तिथले अँटेना आकाशात सरकत्या चंद्राकडे रोखलेले होते. यानंतर सहा मोहिमांत आणलेले ३८२ किलो दगड-माती. हे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. अवकाशातले जड कण खनिजाच्या स्फटिकात सूक्ष्म वाटा कोरतात. हवेच्या आवरणामुळे पृथ्वीवरच्या दगडापर्यंत ते कण पोचत नाहीत. या गटाने त्या वाटांचा अभ्यास करून १९७१ मध्ये तो छापला. म्हणजे बनाव असता तर कुलाब्याच्या शास्त्रज्ञांना फसवावं लागलं असतं किंवा सामील करून घ्यावं लागलं असतं. आणि त्यांच्यानंतर नमुने हाती घेणाऱ्या प्रत्येक नव्या पिढीला, नव्या यंत्रांसह. साधारण बनावात जाणणारी माणसं म्हातारी होतात, मरतात, आणि पहिला रकाना आटत जातो. या दाव्यात तो दरवर्षी वाढतो. मला सगळ्यात वजनदार मुद्दा हा वाटतो, चार लाखांचा नव्हे.

बाहेरचा माणूसही इथे आहे, आणि तो शत्रू होता. अपोलो ११ चंद्रावर असताना सोव्हिएत लुना १५ हे मानवरहित यान चंद्राभोवती फिरत होतं. २१ जुलै १९६९ ला ते कोसळलं. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक इथल्या रेडिओ दुर्बिणीवर दोन्हींचे संदेश ऐकले जात होते. १९७० मध्ये लुना १६ ने चंद्रावरून शंभर ग्रॅमच्या आसपास माती आणली, म्हणजे ताडून पाहायला रशियाकडे स्वतःचा माल होता. अमेरिकेचं खोटं जगापुढे मांडण्यात सगळ्यात जास्त फायदा रशियाचाच होता. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. पुढे आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरनेही अपोलो ११ च्या जागेचा फोटो घेतला.

भाच्याने आनंदाने लेसरचे आरसेही लिहिले. ते मी खोडायला लावले. अंतराळवीरांनी ठेवलेल्या आरशांवरून आजही लेसर परत येतो हे खरं, पण तसे आरसे रशियाने माणसाविना, लुनोखोद गाड्यांवरूनही पाठवले होते. आरशावरून तिथे यान पोचलं एवढंच ठरतं. आपल्या बाजूचा पुरावाही जितका आहे तितकाच लिहायचा.

पैसे देण्याआधी

गुंतवणुकीच्या बाबतीत हे सगळं पान भरायला वेळ नसतो, एजंट दारात उभा असतो. तेव्हा फक्त बाहेरच्या माणसाकडे जा. शेअर बाजार आणि गुंतवणूक योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी पाहा. ठेवी गोळा करायची परवानगी आहे का हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर पाहता येतं, तिथे तक्रारही करता येते. पतसंस्था असेल तर सभासद म्हणून शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहायला मागा, सहकार कायद्याच्या कलम ३२ ने तो हक्क दिला आहे. लेखापरीक्षणात वर्ग कोणता मिळाला ते विचारा आणि नमुना ‘ओ’ मधला दोषदुरुस्ती अहवाल दिला का तेही विचारा. ‘साहेब बाहेरगावी आहेत’ असं उत्तर दोनदा आलं, तर ठेव ठेवू नका. आधीच ठेवली असेल तर मूळ पावती घरी सांभाळा, तिची प्रत काढा, आणि मुदत संपेल त्याच दिवशी मागणीचा अर्ज देऊन पोच घ्या. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे किंवा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेल्यावर पहिल्यांदा ही पोचच मागतात.